कुठली युनिव्हर्सिटी घेतली हो?

अहो, कळलं का? शहापुरात आता स्थळाआधी युनिव्हर्सिटी बघतात! पूर्वी बारावीचा निकाल लागला की पेढा हातावर ठेवला, संपलं. आता हळदीच्या मांडवात बायका ताट बाजूला सारून विचारतात, "तुमचा बीएएफला की बीएमएसला?" आणि कुणाच्या पोराने साधं बी.कॉम. घेतलं असेल, तर पोरगं पळून गेल्यासारखे चेहरे!

त्यात २०२४ला बीएमएस, बीबीए तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या ताब्यात गेले आणि प्रवेशाला सीईटी आली. पहिल्याच वर्षी जागा ढीगभर, पोरं मूठभर. जादा सीईटी घ्यावी लागली. मुंबईतल्या काही कॉलेजांनी तर कोर्सचं बारसंच पुन्हा केलं: बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज. ज्या बी.कॉम.ला नाकं मुरडली, तेच मागच्या दाराने घरात. शिव शिव शिव!

बरं, आसनगावहून भल्या पहाटे लोकलला लोंबकळत पोरगं मुंबईला जातं, त्याच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ. तालुक्याच्या कॉलेजात चालत जाणाऱ्या पोरीच्या पदवीवरही १८५७चं तेच विद्यापीठ. कल्याणच्या बिर्लासारखं स्वायत्त कॉलेज असलं तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाचीच. पण हे मांडवात सांगायचं नाही हं, वाईट दिसतं. शेजारचे मुरबाडकर त्या मानाने शहाणे. त्यांच्याकडे रेल्वेच नाही, म्हणून कॉलेजच्या रँकआधी ते विचारतात, कल्याणहून शेवटची एस.टी. किती वाजता?

पुढच्या पदवीला लांब जायला माझी ना नाही. चर्चगेटचं १९६५चं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट तर मुंबई विद्यापीठाचं स्वतःचं. पाताळगंगेला शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीची एनआयएसएम ही संस्था आहे. पण तिथे प्रवेशाला गुण लागतात, म्हणून त्यांची चर्चा जरा हळू आवाजात. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या एका घरात मात्र लंडनची एका वर्षाची एम.एस्सी. फायनान्स ठरली म्हणे. कुठल्या विद्यापीठात, विचारलं तर वडील म्हणाले, "ते एजंटाला माहीत." एजंटाला! म्हैस घेताना हाच माणूस म्हशीचे दात मोजतो.

सीएचं नाव काढलं तर मांडव गप्प. त्याला विद्यापीठच लागत नाही, मग मिरवायचं काय? त्याच नाक मुरडलेल्या बी.कॉम.ला ५५ टक्के पडले तर फाउंडेशन माफ आणि थेट इंटरमिजिएट. पण परीक्षा कठीण, आणि स्टेटसला टाकायला कॅम्पसचा फोटो नाही.

पीएच.डी.चं तर विचारूच नका. तिथे विद्यापीठाआधी गाइड शोधावा लागतो, आणि प्रोफेसर झाला तरी त्याला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात. तरी आमच्या आळीतल्या एका बाईंनी जाहीर करून टाकलंय: आमचा फायनान्समध्ये डॉक्टर होणार.

चिरंजीव सध्या सातवीत आहेत.