मिलिमीटरकाका

गाडी न घेताच गाडीवाला झालेला एक गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतो. तुमच्याकडे असेलच. नसेल तर आमचा घेऊन जा. टेंपोचं भाडं सोसायटी देईल, ठराव मी मांडतो.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या आमच्या या गृहस्थांचं कित्येक वर्षं एकाच प्रश्नावर अडलं आहे. मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन घ्यावी की सी-क्लास? धाकटी की मधली? ए-क्लासची ही सेडान मार्च २०२१मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिची किंमत ३९ लाख ९० हजारांपासून सुरू होत होती. काकांचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात मे २०२२मध्ये नवी सी-क्लास आली, ५५ लाखांपासून पुढे. झालं! तुम्हाआम्हाला यात पंधरा लाखांचा फरक दिसतो. काकांच्या तोंडून पंधरा लाख हा आकडा मी एकदाही ऐकलेला नाही. "फरक २०२ मिलिमीटरचा आहे," ते म्हणतात, "बाकी सगळं गौण."

एक ४५४९ मिलिमीटर लांब, दुसरी ४७५१. वजाबाकी करून पाहा, २०२च येते. आमच्या इमारतीतल्या पोरांनी ती पाढ्यांच्याही आधी पाठ केली आहे. काका जिन्यात दिसले की वरून आरोळी येते, "काका, दोनशे दोन!" आणि काका खालून दुरुस्ती करतात, "चाकांच्या अंतरात १३६!"

हा माणूस आयुष्यात इंच बोललेला नाही. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता, प्रेस टूलचं जॉबवर्क चालायचं. व्हर्नियर हातात घेऊन चाळीस वर्षं काढली. गाळा विकला तेव्हा पैसे बरे आले, आणि व्हर्नियरच्या जागी खिशात पाच मीटरची टेप आली. ती रात्री उशाशी असते असं काकू सांगतात. कोथिंबीर तीन मिलिमीटरची चिर असं त्यांना सांगितलं गेलं आहे. मिसळ खाताना काका वाटीचा व्यास बघतात, आणि देवीच्या रांगेत उभे राहून रांग दर मिनिटाला किती सरकते याचा हिशोब लावतात.

शोरूमला जायचं तर काका शेअर रिक्षाने जातात. तेही बहुतेक वेळा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धं अंग रस्त्यावर ठेवून. त्या अवस्थेत त्यांना गुडघ्यापुढच्या जागेची कसलीही तक्रार नसते. उतरतात, रुमालाने तोंड पुसतात, आणि पंचावन्न लाखांच्या गाडीत मागे बसून गुडघा आणि पुढची सीट यांच्यामध्ये टेप धरतात. "आवळ आहे," म्हणतात. बरोबर काकूंचे दोन मावसभाऊ, मध्ये बसवून बघण्यासाठी. डिकीत ठेवून बघायला गणपतीची मूर्ती ज्या खोक्यातून येते ते रिकामं खोकं. तिथल्या पोरांना आता काही वाटत नाही. पहिल्यांदा काकांना गाडी दाखवणाऱ्या पोराला बढती मिळाली, त्याचं लग्न झालं, लग्नाची पत्रिका काकांना आली. काका गेलेही होते. आहेराच्या पाकिटापेक्षा हॉलच्या दरवाजाच्या रुंदीवर जास्त बोलले.

दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची होंडा सिटी हे एक वेगळंच दुखणं. २०२०चं मॉडेल. एका रविवारी सकाळी काकांनी पुढच्या आणि मागच्या बंपरला ओळंबा लावला, फरशीवर खुणा केल्या आणि टेप ताणली. मग घरात जाऊन कंपनीचं माहितीपत्रक पाहिलं. पुन्हा खाली आले, पुन्हा टेप ताणली. ४५४९! ए-क्लास लिमोझिनइतकीच, मिलिमीटरला मिलिमीटर! त्या दिवशी काका जेवले नाहीत. चाळीस लाख मोजायचे आणि गाडी किती लांबीची, तर दुसऱ्या मजल्याइतकी! दोन दिवसांनी जरा सावरले. "रुंदीला ४८ने कमी आहे त्याची," एवढंच मला म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग सी-क्लासच घ्या ना! पण आमच्या इमारतीच्या नकाशात त्यांच्या वाट्याला आलेली जागा लहान गाडीची आहे, २.३ बाय ४.५ मीटर. तिथे ए-क्लासचं नाक ४९ मिलिमीटर बाहेर येतं, सी-क्लासचं २५१. काकांनी फरशीवर खडूने दोन्ही गाड्यांचे आकार काढले, धाकटीचा पांढरा आणि मधलीचा निळा. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली त्यात लंगडी खेळतात. सेक्रेटरी दिवाळीत तिथे रांगोळी काढायला निघाले तेव्हा काकांनी लेखी हरकत घेतली होती.

गाडी बाहेर काढायची म्हटलं तर आणखी एक पेच. गल्लीच्या तोंडाशी, विजेची पेटी आणि भाजीवाल्या मावशींची हातगाडी यांच्यामध्ये २१०० मिलिमीटर वाट आहे. आरशांसकट ए-क्लास १९९२ आणि सी-क्लास २०३३. "मावशी, तुमची गाडी ४० मिलिमीटर आत घेतली तर..." काकांनी सुरुवात केली. मावशी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "काका, तुम्ही आधी आणा तर. मी हातगाडी काय, गाव बदलते."

नवरात्रात तर हा प्रश्न आपोआप मिटतो. आनंद दिघ्यांनी १९७८मध्ये टेंभी नाक्यावर देवीचा उत्सव सुरू केला. तेव्हापासून कळव्याहून देवीची मिरवणूक आली की नऊ दिवस नाका माणसांचा असतो. गोविंदांच्या थरांचा दिवस वेगळा. एरवीही सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूने रिक्षा, जांभळी नाक्याकडून बाजार, मध्ये दुचाक्या. या नाक्यावर धाकटी आणि मधली यांच्यातला फरक कळण्याइतका वेग कोणत्याच गाडीला मिळत नाही. पण हे काकांना सांगायचं कुणी? मी एकदा सांगितलं. "गाडी उभी असतानाच लांब दिसते," ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

औरंगाबादकरांनी २०१०मध्ये एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, हे मी त्यांना मुद्दाम सुनावलं. दीडशे जणांचं ठरलं, तुमचं एकट्याचं ठरत नाही? "गर्दीत ठरवणं सोपं," काका शांतपणे म्हणाले. आणि मग त्यांनी थांबण्याचं शास्त्र समजावून दिलं. मर्सिडीजने १९८२मध्ये १९० नावाची गाडी काढली, ती या घराण्यातली बाळ. सगळं जग तिला बेबी बेंझ म्हणायचं. लांबी साधारण ४.४ मीटर. पुढे तिचीच सी-क्लास झाली, आणि ती पिढीगणिक वाढत गेली. आजची ए-क्लास त्या बाळापेक्षाही लांब. "म्हणजे काय? थोडा धीर धरला तर ए-क्लासच वाढून सी-क्लासएवढी होईल. २०२ मिलिमीटर फुकट!" पंधरा लाख वाचवण्याचा इतका संथ मार्ग मी दुसरा ऐकलेला नाही.

मध्यंतरी शोरूममधला एक नवा पोरगा त्यांना एसयूव्ही दाखवायला गेला. तसं त्याचं चुकलं नव्हतं, देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आता निम्म्याहून जास्त त्याच जातीच्या. काका उखडले. "सामान आणि माणसं एकाच खोलीत? मग आम्ही चाळ सोडली कशाला?"

हे सगळं मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगत असतो. पण लिफ्टची गोष्ट मी सहसा सांगत नाही, कारण ती सांगितली की काकांची टिंगल करायला नंतर जड जातं. इमारत नव्याने बांधली जात होती तेव्हाची गोष्ट. कागदावर लिफ्ट स्ट्रेचर मावेल अशी होती. काकांनी आत जाऊन टेप लावली, ७० मिलिमीटर कमी. बिल्डरचा इंजिनिअर हसला, "काका, सत्तर मिलिमीटरने काय होतंय?" मग पत्रं, सभा, पुन्हा पत्रं. ताबा लांबला. घरभाडी भरून जेरीस आलेले आम्ही सगळे काकांना शिव्या घालत होतो. शेवटी लिफ्ट बदलली. पुढे चौथ्या मजल्यावरच्या आजींना पहाटे झटका आला, आणि स्ट्रेचर आडवं, सरळ, कुठेही न अडता आत गेलं. आजी आता ठणठणीत आहेत. खडूच्या रेघांवरून काकांशी रोज भांडतात.

आणि एकदा, बोलण्याच्या ओघात, काकांनी कपाटातून एक पत्र्याचा तुकडा काढून दाखवला. तळहाताएवढा, दोन भोकं पाडलेला. डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदीच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. कारखाना केव्हाच बंद पडला. आता लोकांना आठवतं ते प्रीमियर मैदान, तेही पुढाऱ्यांच्या सभांमुळे. त्या गाडीच्या एका ब्रॅकेटचं टूल काकांच्या गाळ्यात बनलं होतं. "ह्याच्या आजूबाजूला एक अख्खी गाडी असते," काका म्हणाले, "पण आमच्याकडे यायचा तो एवढाच भाग. ड्रॉइंगवर पण एवढाच." तुकडा त्यांनी पुन्हा फडक्यात गुंडाळला, आणि त्याआधी, अर्थातच, जाडी मोजली.

गेल्या महिन्यात काकूंनी कोणाला न विचारता डिझायर आणली. गाडी चालवायला त्या गुपचूप शिकल्याच होत्या. लांबी ३९९५. चार मीटरच्या आत राहिलं की कर कमी, हा नियम २००६च्या अर्थसंकल्पापासूनचा, आणि त्या रेषेच्या पाच मिलिमीटर अलीकडे राहण्यासाठी कंपन्यांनी कितीतरी शेपट्या छाटल्या. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "ही सेडान नाही," ते म्हणाले, "हा अर्थसंकल्प आहे." मग टेप काढली. जागेत ५०५ मिलिमीटर शिल्लक! मावशींच्या हातगाडीला धक्का न लावता काकू पहिल्याच दिवशी सफाईने बाहेर पडल्या. काका मागे बसले होते आणि फोनवर बोलत होते. खिडकी उघडी असल्यामुळे नाक्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं:

"धाकटीचा प्रश्न घरच्या घरी सुटला बघ. आता सी आणि ई अशी तुलना करू. ई-क्लास ५०९२ ना? म्हणजे ३४१. शनिवारी येतो. खोकं घेऊन येतो."