निस्तरण्याचे दर

अनेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरपुढे एक पातळ काच असते. काम एकच: महागड्या लेन्सने जिवाच्या आकांताने रेखीव केलेली प्रतिमा किंचित पुसट करणं. नाहीतर बारीक चौकड्यांच्या शर्टावर रंगीबेरंगी लाटा उमटतात आणि मुलीचे वडील मांडवात आकाशकंदिलासारखे दिसू लागतात.

खरी प्रतिभा दिसली ती २०१२ साली. निकॉनने ३६ मेगापिक्सेलचा डी८०० आणला, ही पुसट काच लावून. सोबत जास्त रेखीव असा डी८००ई. त्यातली काच काढली नव्हती हं! पुढची काच प्रत्येक बिंदूचे दोन करते, मागची ते दोन पुन्हा एकावर एक बसवते. या बेरीज-वजाबाकीचे अमेरिकेत ३०० डॉलर जास्त. रास्तच आहे. करण्यापेक्षा निस्तरायला खर्च अधिक येतो, हे कुठलंही सरकारी खातं सांगेल.

पुढच्या वर्षी पेंटॅक्सने के-३ मधून काचच वगळली. लाटा नको असतील तर सेन्सरच सूक्ष्म थरथरवायचा. थरथरवणारी यंत्रणा कोणती? हात हलला तर सेन्सर स्थिर ठेवते, तीच. एका पगारात दोन्ही कामं.

आमच्या गवळ्याला हे सगळं मी कौतुकाने सांगितलं. त्याने किटली खाली ठेवून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून दुधाचे दोन दर: पाणी घातलेलं ६० रुपये, घातलेलं पाणी आटवून काढलेलं ८०.

"आणि पाणी न घातलेलं?"

"ते मॉडेल अजून आलं नाही, साहेब."