खायापुरते पिकवणारा गृहस्थ

माळशेज घाट चढून ओतूरच्या दिशेने निघालेल्या कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, जुन्नर तालुक्यात, डिंगोरे हे गाव आहे. पिकांच्या दृष्टीने या गावाची जागा मोठी मजेची आहे, कारण त्याच्या मावळतीला घाटमाथ्याचा पाऊस, भातखाचरे, करवंदीच्या जाळ्या आणि हिरड्याची झाडे आहेत, तर उगवतीला धरणांच्या पाण्यावर पोसलेला कांदा, टोमॅटो, ऊस आणि द्राक्षे आहेत. अशा मोक्याच्या ठिकाणी पिकांबरोबर माणसाचाही एक खास वाण तयार झाला असून, घरचे खाणारा व समोर येईल त्याला घरचेच खाऊ घालणारा गृहस्थ असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. त्याचे वय साठीच्या अलीकडे-पलीकडे असते, पूर्वायुष्यात तो प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक किंवा एखाद्या पतसंस्थेचा संचालक असतो, आणि गावात त्याला नाना, तात्या किंवा अण्णा म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्याला सोयीसाठी नाना म्हटले आहे. प्रत्यक्षात असे नाना डिंगोऱ्यापासून उदापूर-ओतूरपर्यंत कोणत्याही आळीत आढळतात, आणि पाहुण्याला ते शोधावे लागत नाहीत, तेच पाहुण्याला शोधून काढतात.

नानांच्या जमिनीचे सातबाऱ्यावर गट क्रमांकांनुसार भाग पडलेले असले, तरी नानांच्या मनात तिचे दोनच भाग असतात, एक ‘मालाचा’ आणि दुसरा ‘खायापुरता’. माल म्हणजे बाजारात जाणारे पीक. त्याला ठिबक, खत, मल्चिंगचा कागद आणि सोसायटीचे कर्ज लागते, त्याच्यासाठी रात्री-अपरात्री वीज येण्याची वाट पाहत जागावे लागते, आणि एवढे करूनही त्याच्याविषयी नाना कधी एक शब्द कौतुकाने बोलत नाहीत. द्राक्षाच्या बागेची ऑक्टोबर छाटणी (म्हणजे फळ धरण्यासाठी वेलीच्या काड्या ठरावीक डोळ्यावर कापणे), त्यानंतर घडांची विरळणी, मणी लांब व टपोरे व्हावेत म्हणून घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवणे ही सर्व कामे नाना चोख करतात, व्यापाऱ्याशी पैशापैशाने घासाघीस करतात, आणि बाग उतरली की त्यातला एखादा घड घरी आणण्याचेही त्यांना सुचत नाही. खायापुरत्या भागाची गोष्ट अगदी निराळी आहे. बांधावरचा आंबा, विहिरीच्या कडेचा पेरू, मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेली पपई आणि अळू, गोठ्याच्या छपरावर चढलेला डांगराचा वेल, परसातला शेवगा व कुंपणावरचा घेवडा एवढाच त्याचा पसारा असतो. त्याला ना खत ना कर्ज, आणि नानांचे सगळे वात्सल्य मात्र तेथे खर्ची पडते. नाव खायापुरते असले तरी ते खाऊन कधी संपत नाही, आणि नानांच्या स्वभावाचा उलगडा याच शिलकेत होतो.

मालाचे कधी खायापुरते होते आणि खायापुरत्याचा कधी माल होतो, याचे शास्त्र नाजूक आहे. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा नारायणगाव येथील उपबाजार टोमॅटोसाठी प्रसिद्ध असून तेथे वीस किलोच्या क्रेटवर भाव ठरतो. भाव कोसळून तोडणीची मजुरीही सुटेनाशी झाली की नानांच्या औदार्याला पूर येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पिशव्या भरून दिल्या जातात आणि “घरचेच आहेत, न्या हो,” हे वाक्य दिवसभर ऐकू येते. जुलै २०२३ मध्ये हाच क्रेट दोन हजार रुपयांच्या पुढे गेला, तालुक्यातल्या लाखो-कोटींच्या कमाईच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या, आणि त्या महिन्यात परसातल्या दोन वाफ्यांतल्या टोमॅटोवरही करपा पडल्याचे नाना ज्याला त्याला सांगत होते. यात लबाडी पाहणे अन्यायाचे होईल. ज्या वस्तूला बाजारात एवढा भाव आहे ती फुकट दिली तर घेणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल, एवढाच सूक्ष्म विचार त्यामागे असतो, असे नानांचे म्हणणे आहे.

पाहुण्याच्या हाती फळ देताना नाना जे पहिले वाक्य उच्चारतात ते चवीविषयी नसते. “याला औषध नाही,” असे ते सांगतात. शेतकरी बोलीत औषध म्हणजे कीटकनाशक, आणि ज्या हातांनी आदल्याच सकाळी मालावर टाकीभर औषध मारलेले असते, त्याच हातांनी हे प्रमाणपत्र दिले जात असल्यामुळे त्याचे वजन अधिक असते. पुरावा मागण्याची वेळ सहसा येत नाही, कारण तो फळातच असतो. पेरू मधोमध चिरल्यावर पांढऱ्या गरातून बारीक अळी वळवळत बाहेर आली की पाहुण्याचा चेहरा पडतो आणि नानांचा खुलतो. ते चाकूच्या टोकाने तिला अलगद बाजूला काढतात, “किडा आहे, म्हणजे औषध नाही,” असा निष्कर्ष काढतात आणि उरलेली फोड पाहुण्याच्या तोंडासमोर धरतात. हा युक्तिवाद तर्कशास्त्राला धरून आहे, आणि म्हणूनच तो टाळता येत नाही.

तथापि नानांचे खरे दैवत बांधावरचा रायवळ आंबा हे होय. कोय रुजून आपोआप वाढलेल्या गावठी झाडाला रायवळ म्हणतात. आंब्याच्या कोयीतून मूळ झाडासारखे फळ येईलच असा भरवसा नसल्यामुळे हापूस किंवा केशर यांची कलमे बांधावी लागतात. उलट रायवळीचे प्रत्येक झाड चवीने स्वतंत्र असते, आणि त्यामुळे गावोगाव एकेका झाडाला शेंदऱ्या, साखऱ्या, खोबऱ्या, गोटी, शेप्या अशी घरगुती नावे मिळालेली आहेत. नानांचा शेंदऱ्या आकाराने लिंबाहून थोडा मोठा, सालीजवळ आंबट, कोयीजवळ गोड आणि मध्ये संपूर्ण धाग्यांचा असतो. तो कापून खाता येत नाही; दोन्ही तळव्यांत फिरवून मऊ करावा, देठ मोडून पहिला चीक पिळून टाकावा, मग ओठाला लावून चोखावा आणि नंतर दातांत अडकलेल्या धाग्यांशी संध्याकाळपर्यंत झगडावे, अशी त्याची रीत आहे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर त्या भूभागाचा कायदेशीर हक्क मान्य झाला, ही वार्ता नानांनी शांतपणे स्वीकारली. जुन्नरच्या येणेरे, काले, निरगुडे या पट्ट्यातला हापूस कोकणचा हंगाम सरत आल्यावर बाजारात येतो व त्याचेही मोठे नाव आहे, हे त्यांना मान्य आहे, पण या दोन्ही आंब्यांना “चव एकच असते हो, पहिला खाल्ला की बाकीचे खायचे कशाला?” असा त्यांचा आक्षेप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली नारायणगावजवळच्या हिवरे येथेही सरकारी बाग होती, ही इतिहासातील गोष्ट नानांच्या कानावर कधीतरी आलेली आहे. शेंदऱ्याची कोय त्याच साहेबाच्या बागेतून पणजोबांनी पागोट्यात बांधून आणली, असे त्यांचे संशोधन आहे. साहेबाच्या बागेत असला धाग्यांचा आंबा कशासाठी लावला असेल, या प्रश्नाकडे मात्र हे संशोधन वळलेले नाही.

आंबा उतरवण्याचा दिवस नाना ठरवतात. झाडावर एखादे फळ आपसूक पिकून पडले किंवा राघूने टोचलेले सापडले की पाड लागला असे म्हणतात, आणि तो उतरणीला योग्य वेळ झाल्याचा निसर्गाचा निरोप मानला जातो. पूर्वी पाडाच्या दिवसांत राखणीला रात्री झाडाखाली खाट टाकण्याची पद्धत होती. उसात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून ही राखण दिवेलागणीपूर्वीच आटोपते आणि रात्रीचा आंबा देवाच्या हवाली केला जातो. लांब काठीला जाळी बांधलेल्या झेल्याने एकेक फळ देठासह उतरवले जाते, कारण आपटलेला आंबा पिकण्याऐवजी सडतो. नंतर घरातल्या अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंब्यांचा थर, त्यावर पुन्हा पेंढा, पुन्हा थर अशी आढी घातली जाते, आणि येथून पुढची सर्व कामे नानांच्या पत्नीकडे जातात. दर दोन दिवसांनी आढीत हात घालून प्रत्येक फळ देठाजवळ दाबून पाहणे, पिकलेले वर काढणे, डागी वेगळे करणे, डाग्यांचा त्याच दिवशी रस काढणे, आधीच्या कैऱ्यांचे लोणचे व साखरांबा घालणे, धाग्यांनी चाळण गच्च झाली की ती पुन्हा पुन्हा धुणे, हे सारे काकू करतात आणि तोवर नाना ओट्यावर बसून सेंद्रिय शेतीविषयी बोलतात. शेंदऱ्याच्या चवीविषयी काकूंचे स्वतंत्र मत आहे, पण इतक्या वर्षांत ते त्यांना कोणी विचारलेले नाही.

या साऱ्याचा शेवट पिशवीत होतो. ओतूरच्या एखाद्या सराफाचे किंवा कापडदुकानाचे नाव छापलेली पिशवी भरून नाना स्वतः दारोदार जातात व “पिशवी परत देऊ नका,” असे आवर्जून बजावतात. रीत ठाऊक असलेल्या माणसाला याचा अर्थ समजतो. घरातून आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नसते, या जुन्या दंडकाला पिशवीही अपवाद नाही. त्यामुळे शेंदऱ्याची पिशवी आषाढात घाटाकडच्या सोयऱ्याकडून इंद्रायणी तांदूळ घेऊन येते, दिवाळीच्या सुमारास तिच्यातून डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या होऊन पिकायला आलेली सीताफळे येतात, आणि संक्रांतीला सुगडात घालायची बोरे, उसाचे पेर व हरभऱ्याचे घाटे तिच्यातूनच पोहोचतात. कोणाकडे काय गेले आणि काय यायचे आहे, हा हिशेब कोणत्याही वहीत नसतो; पण सोसायटीच्या कर्जाचा हप्ता विसरणारे नाना हा हिशेब तीन-तीन वर्षांमागचा तोंडपाठ सांगतात. तालुक्याच्या पीकपाण्याच्या कोणत्याही अहवालात या उलाढालीची नोंद होत नाही, हे अर्थशास्त्राचे नुकसान मानावे लागेल.

शहरात हा हिशेब चालत नाही. भोसरीला राहणाऱ्या मुलाकडे नाना एसटीने गोणी पाठवतात, आणि तिथल्या सोसायटीत शेवग्याच्या शेंगा घेऊन कोणाचे दार वाजवावे, हे सुनेला कळत नाही. नाना एकदा आजारी पडून दवाखान्यात असताना भेटीला आलेल्यांनी किवी, ड्रॅगनफ्रूट आणि अंगावर छापील चिकटी लावलेली सफरचंदे आणली, तेव्हा नानांनी फळे सोडून चिकट्या सोलून पाहिल्या व ज्या फळाला आपले नाव अंगावर लिहून फिरावे लागते त्याच्या कुळाविषयी शंका व्यक्त केली. किवीची चव त्यांना बरी वाटली होती, असे नातवाने नंतर सांगितले.

बांधावरचे झाड म्हटले की भाऊबंद आलेच. शेंदऱ्याचे खोड नेमके ज्या बांधावर आहे, त्याच्या पलीकडे नानांच्या चुलतभावाचे शेत असून, बांध कोणी किती कोरला यावरून दोन्ही घरांत बोलणे बंद आहे आणि मोजणीचा अर्ज बरीच वर्षे पडून आहे. अलीकडे झुकलेल्या फांद्यांचे आंबे नाना उतरवतात, पलीकडच्या फांद्यांचे चुलतभाऊ. दोन्ही घरांत आढी घातली जाते, दोन्ही घरी पणजोबांनी साहेबाच्या बागेतून कोय आणल्याची कथा सांगितली जाते, आणि वाटणीत झाड खरे आपल्याकडे यायचे होते, याविषयीही दोन्ही घरांचे एकमत आहे. त्यामुळे गावात येणाऱ्या पाहुण्याला सकाळी नानांच्या ओट्यावर शेंदऱ्या चोखावा लागतो व दुपारी चुलतभावाच्या पडवीत तोच शेंदऱ्या पुन्हा चोखावा लागतो, आणि दोन्हीकडे त्याला एकच प्रश्न विचारला जातो, “त्यांच्यापेक्षा आमचा गोड आहे की नाही?” अनुभवी पाहुणे दोन्ही ठिकाणी दात कोरत मान डोलावतात आणि हा जरा अधिक पाडाचा वाटतो, असे सांगून दोन्ही पिशव्या गाडीत ठेवतात.