येऊद्या

माणसाचं नाव आईबाप ठेवतात, पण ते चालवायचं की नाही हे गाव ठरवतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गृहस्थांचं रेशनकार्डावरचं नाव काय असेल ते असो, उभ्या वांगणीत त्यांना 'येऊद्या' म्हणतात. मुलं 'येऊद्या आजोबा' म्हणतात, नर्सरीवाले 'येऊद्या नाना' म्हणतात. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा निमंत्रक म्हणून खाली खरं नाव छापलेलं होतं. निम्म्या गल्लीने 'ही कुणाची आपल्याकडे आली?' म्हणून ती शेजारी नेऊन दिली.

येऊद्या ही जमात महाराष्ट्रभर आहे. मंगल कार्यालयाचं आवार असो, दवाखान्याचं गेट असो की पिठाच्या गिरणीसमोरचा बोळ असो, कुणी गाडी रिव्हर्सला टाकली की मागचा पांढरा दिवा लागायच्या आत हा माणूस मागे हजर असतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. ओळखदेख नसते. त्याला पैसे नको असतात, चहाही नको असतो. मृदंगावर थाप पडली की टाळकऱ्याचे हात आपोआप हलतात, तसे गाडी मागे येताना दिसली की याचे हलतात.

या पंथात शिरायला एकच अट आहे : स्वतःला गाडी चालवता येता कामा नये. ज्याला येते तो चालवणाऱ्याची अडचण समजून घेतो आणि वाया जातो. आमच्या येऊद्यांकडे सायकलसुद्धा नाही. त्यांची हयात गेली कल्याण यार्डात, शंटिंगला. बावटा दाखवायचा, शिट्टी मारायची आणि डबे मागे घ्यायचे. "गाडी पुढं नेणारे वेगळे. आपण जन्मभर मागंच घेतल्या," असं ते सांगतात आणि त्यात खंत नसते. कुणी मोटारीचा तोरा दाखवला तर म्हणतात, "चोवीस डबे मागं घेतलेत बाबा, तुझी तर चार दारं." २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. त्या दिवसाचं दुःख साऱ्या गावाला झालं, पण येऊद्यांचं दुःख निराळं होतं. "मला हाक मारली असती तर बदलापूरपर्यंत मागं घेतली असती," असं ते अजून म्हणतात.

अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्याखाली येणारी चड्डी, गळ्यात यार्डातली शिट्टी आणि खांद्यावर पंचा. हा पंचा म्हणजेच बावटा. 'येऊ द्या' या दोन शब्दांत त्यांनी अख्खं व्याकरण बसवलंय. लांबवून म्हटलेलं 'येऊऊ द्या' म्हणजे जागा मुबलक आहे. 'येऊद्याद्याद्या' म्हणजे जागा आहे, पण तुमच्यात हिंमत नाही. 'येऊ… द्या' असं मध्ये थांबून म्हटलं की समजावं, मागे गटार आहे. 'हां हां हां' म्हणजे गटार आलं. आणि 'बास!' हा शब्द ते गाडी लागल्यावर म्हणतात.

डाव्या-उजव्याचा घोळ त्यांनी कायमचा मिटवून टाकलाय. सुरुवातीला ते 'डावीकडं मारा' म्हणायचे. मान वळवून मागे बघणाऱ्याची आणि मागे उभं राहून सांगणाऱ्याची डावी बाजू एक नसते हे गल्लीला कळेपर्यंत एक टेम्पो, दोन रिक्षा आणि कुंपणाचे तीन खांब गेले. शेवटी त्यांनी रेल्वेचा नकाशाच लागू केला. आता ते "चाक कर्जतकडं!" म्हणतात, नाहीतर "चाक कल्याणकडं!" फारच निकड असली तर "अपला मारा, अपला!" अप म्हणजे कल्याणचीच बाजू. वांगणीच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी कर्जत कुठे आणि कल्याण कुठे हे तो सांगेल. पंचाईत पाहुण्यांची होते.

असेच एक पाहुणे जुलैमधल्या एका रविवारी आले. आमचे साडू. घोडबंदर रोडला राहतात. त्यांनी नुकतीच परदेशी बनावटीची विजेची गाडी घेतली आहे : हिरवी नंबरप्लेट, त्यावर पांढरी अक्षरं. किंमत विचारली तर सांगत नाहीत, न विचारता सांगतात. वांगणीच्या नर्सऱ्यांतून सोनचाफ्याची दोन रोपं न्यायची म्हणून ते आले होते. रोपं शंभर-दीडशेची. गाडी दारात उभी राहिली तेव्हा आमचं घर तिच्या गॅरेजसारखं दिसायला लागलं.

चहा होईपर्यंत त्यांनी गाडीचे गुण सांगितले. उभ्या जागेवरून शंभराचा वेग चार सेकंदांत. काचा दुहेरी, बाहेरचा आवाज आत येत नाही. चार बाजूंना चार कॅमेरे, आणि त्यांची चित्रं एकमेकांना शिवून पडद्यावर गाडी वरून दिसते, जणू आकाशातून कुणी बघतंय. मला याचं कौतुक वाटलं. मुंबई-ठाण्याची माणसं अमावास्येच्या सुमाराला आमच्याकडे आकाश बघायला येतात. आता आकाशानेही खाली बघायची सोय केली म्हणायची.

निघायची वेळ झाली. गल्ली अरुंद. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला शेणखताची पोती आणि कढीपत्त्याची रोपं. गाडी मागे घेत रस्त्यापर्यंत न्यायला हवी. बारीक पाऊस लागलेला. साडू आत बसले, काच बंद केली, रिव्हर्स टाकला. मी शेजारच्या सीटवर.

पडदा काळा.

मग कंपनीचं चिन्ह आलं. ते सावकाश उजळलं. मग एक गोल फिरू लागला, कुणीतरी जात्यावर दळत बसल्यासारखा. मग इंग्रजीत एक सूचना आली, तिचा मतलब असा की आजूबाजूला आपलं आपण बघा. खाली 'ओके' चं बटण. साडूंनी ते दाबलं. गोल पुन्हा फिरू लागला.

"झोपलेली असते ना ती," साडू जरा ओशाळून म्हणाले. "उठायला वेळ लागतो."

त्यात खोटं काही नव्हतं. उभ्या गाडीने बॅटरी खात बसू नये म्हणून तिच्या पोटातले बरेचसे संगणक निजवून ठेवतात. दार उघडलं की त्यांना उठवायचं : आधी पडद्याचा संगणक, मग त्याचं सॉफ्टवेअर, मग कॅमेरे, आणि मग त्यांच्या चित्रांचं शिवणकाम. जुन्या गाडीत कॅमेऱ्याची वायर थेट पडद्याला जोडलेली असे, त्यामुळे चित्र झटकन येई. नव्या गाडीत तोच पडदा गाणी, नकाशा, एसी आणि फोन सांभाळतो. घरात एकच सून कामाची असली की दार उघडायला उशीर होतोच. हे सगळं नंतर मी येऊद्यांना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं ड्यूटीवर झोपला तर चार्जशीट मिळायची."

चार्जशीटची सोय मोटारींनाही झाली आहे. २००२ मध्ये अमेरिकेत एका बापाच्या हातून गाडी मागे घेताना त्याचंच दोन वर्षांचं मूल गेलं. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. त्यात एक अट आहे : रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाने आपल्या सायबरट्रक नावाच्या २७ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी जाहीर केल्या, कारण मागचं चित्र यायला सहा ते आठ सेकंद लागू शकत होते. म्हणजे हे दुखणं आमच्या साडूंपुरतं नाही, ते श्रीमंतांच्या घरचं आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेऱ्याला मात्र आपण वेळ देतो. तो आपल्यात पाहुणा आहे.

दोन सेकंदांची किंमत वांगणीला शिकवायला नको. १७ एप्रिल २०२१ ला आमच्या स्टेशनच्या फलाटावरून एका अंध आईचं मूल रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत गेले, मूल वर ठेवलं, स्वतः वर चढले आणि गाडी गेली. ते चित्रीकरण देशाने पाहिलं. बक्षिसाच्या पन्नास हजारांतले निम्मे त्यांनी त्या मुलाला दिले. येऊद्या त्यांच्याबद्दल बोलतात तेव्हा आवाज खाली आणतात. एरवी त्यांचा आवाज खाली येत नाही.

तर आमचा गोल फिरतच होता. आरशात येऊद्या दिसत होते : पंचा हलतोय, तोंड उघडतंय, मिटतंय. आवाज शून्य. दुहेरी काच.

"हे कोण?" साडूंनी विचारलं.

"येऊद्या."

"अहो, पण हे आहेत कोण?"

"येऊद्याच. काच खाली घ्या."

"पाऊस येतो हो आत. आणि कॅमेरा आहे की," असं म्हणून साडूंनी वाट बघायचं सोडलं आणि गाडी अंदाजाने मागे घ्यायला सुरुवात केली. चार सेकंदांत शंभर गाठणाऱ्या माणसाला सात सेकंद स्वस्थ बसणं जड जातं.

एक हात गेलो असू, तोच मागच्या झाकणावर थाप पडली. एसटीत घंटीचा एक टोला म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. येऊद्यांनी तोच कायदा मोटारींना लावलाय. ही थाप एकच होती, पण अशी की साडूंच्या छातीत पहिल्या हप्त्याची कळ उठली असावी. त्यांनी ब्रेक मारला. आणि नेमका त्याच वेळी पडदा जागा झाला. एवढ्या किमतीच्या त्या पडद्यावर पहिलं चित्र उमटलं ते येऊद्यांच्या तळहाताचं, रेषांसकट. आयुष्यरेषा चांगली लांब होती.

आम्ही उतरलो. गाडीच्या मागे, गटाराच्या कडेला, पांढरी काठी धरून एक गृहस्थ उभे होते. आमच्या गावात अंध कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांतली कितीतरी माणसं लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून संसार चालवतात. यांच्याही खांद्याला पिशवी होती.

"नाना, विजेवाली का?" त्यांनी विचारलं.

"हो. पाहुण्यांची."

"वाटलंच. तुमची शिट्टी ऐकली, म्हणून थांबलो. नाहीतर हिचं काय कळतंय?"

साडू सांगू लागले की गाडीला आवाज आहे, हळू चालताना ती मुद्दाम गुणगुणते, युरोपात २०२१ पासून नव्या विजेच्या गाड्यांना तसा आवाज सक्तीचा आहे. ते खरंच होतं. गुणगुण होती, भुंग्याएवढी. पण नर्सरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि रुळांवरून मालगाडी चालली होती. वांगणीत भुंग्याचं कोण ऐकणार? डिझेलची जीप मागे आली असती तर ती बदलापुरात ऐकू गेली असती. पूर्वी तर गाड्या मागे घेताना कर्कश गाणी वाजायची. आम्ही त्यांना नावं ठेवायचो.

"मला वाटायचं, तुम्ही गाडीवाल्यासाठी ओरडता," मी येऊद्यांना म्हणालो.

"गाडीवाला कुठं ऐकतो?" ते म्हणाले. "त्याला आरसा आहे, कॅमेरा आहे, इन्शुरन्स आहे. मागं चालणाऱ्याला काय आहे?"

इतकी वर्षं त्यांच्या व्याकरणाला आम्ही हसत होतो, कारण ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे अशी आमची समजूत होती. पडद्यावरचं चित्र एकट्या चालवणाऱ्याला दिसतं. 'येऊ द्या' मात्र गल्लीतल्या पोराला, कुत्र्याला, भाजीवालीला आणि काठी घेतलेल्या माणसाला, सगळ्यांना एकाच वेळी मिळतं. त्याला उठायला वेळ लागत नाही, कारण ते झोपलेलंच नसतं. तरीही 'बास' उशिरा येतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "खांबाला लागली तर खांब बोलत नाही. माणूस असला की मी आधी बोलतो." आजवर गेलेले तिन्ही खांब आठवून बघितले. माणूस एकही नव्हता.

साडूंनी गाडी दाखवायला नेली. सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता फरक पडेल, असं त्यांना सांगण्यात आलं. फरक पडलाय : गोल आता निळा फिरतो.

पुढच्या रविवारी ते तिसरं रोप न्यायला आले. जाताना रिव्हर्स टाकण्याआधी त्यांनी स्वतःहून काच खाली घेतली. सदऱ्याची बाही भिजली. मागून आवाज आला, "चाक कर्जतकडंऽऽ!" साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी हाताने कर्जत दाखवलं.

तुम्हीही कधी रोपं न्यायला वांगणीला या. पडद्याची वाट बघायची तर खुशाल बघा. गाडी मागे घेण्यापूर्वी काच तेवढी खाली करा.