जुनी पद्मिनी नवी कशी करावी : जालना जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

प्रास्ताविक

जुन्या मोटारी नव्या करण्याची पुस्तके बहुधा विलायतेत लिहिली जातात. त्यांतली गाडी स्वच्छ गॅरेजमध्ये असते, हत्यारे भिंतीवर ओळीने टांगलेली असतात आणि मालकाला शनिवार-रविवार मोकळे असतात. जालना जिल्ह्याला ही पुस्तके लागू पडत नाहीत. इथली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांमागे असते, बारा-तेराचा पाना शेजाऱ्याकडे गेलेला असतो, आणि जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्या कोणतेही लोखंड दीड हजार अंशांवर वितळवून त्याची सळई करायला रात्रंदिवस तयार असतात. जुनी गाडी वाचवायला याहून प्रतिकूल गाव शोधूनही सापडायचे नाही. सबब, हे स्वतंत्र मार्गदर्शन.

नमुन्यादाखल प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघाली, १९७२ च्या सुमारास तीच गाडी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मराठवाड्याने या नामांतरांची दखल घेतली नाही. इथे ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. अ‍ॅम्बेसेडर व जीपवाल्यांनी याच सूचना पाळाव्यात. फरक फक्त वजनाचा.

पात्रता

उमेदवाराच्या घरात दुसरे कोणीतरी कमावते असावे. त्याच्याकडे चालू स्थितीतली एक दुसरी गाडी असावी, कारण मिस्त्रीकडे खेटे घालायला ती लागते. उमेदवाराला 'होऊन जाईल' हे वाक्य ऐकून राग येत असेल, तर त्याने अर्ज करू नये.

टप्पा पहिला : गाडी शोधणे

अंबड, भोकरदन, परतूर, घनसावंगी या भागांतल्या जुन्या वाड्यांवर लक्ष ठेवावे. त्या काळी फियाट असे ती डॉक्टर, वकील, जिनिंगवाले आणि बियाण्यांचे व्यापारी यांच्याकडे. नंबर लावला की गाडी हाती यायला वर्षे लागत. जिची एवढी वाट पाहिली, ती वस्तू घराणे सहजी सोडत नाही. तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते आणि मालक सांगतो, "द्यायची नाही, बाबांची आठवण आहे." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

पहिल्या भेटीत किमतीचा विषय काढू नये. भेट म्हणून मोसंबी नेऊ नये. त्यांच्या बागेतली तुमच्यापेक्षा चांगली असते. गाडीचे वय विचारताना सनावळी विचारू नये, दुष्काळ विचारावा. "बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी घेतली, बाराच्या दुष्काळात बंद पडली," हे उत्तर आरसी बुकापेक्षा भरवशाचे असते.

तपासणीची पद्धत अशी. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे मुंबईच्या गाडीचा पत्रा जसा गंजून जाळीदार होतो तसा इथे होत नाही. हा जिल्ह्याचा एकमेव नैसर्गिक फायदा. मात्र डिकीत युरियाची पोती ठेवली गेली असतील तर तो फायदा संपला, कारण खताइतका पत्र्याचा वैरी दुसरा नाही. डिकीचा तळ आणि पायाखालचा पत्रा चटई उचलून पाहावा. उन्हाने रबर गेलेलेच असते : काचांची बीडिंग, होजपाइप, इंजिनचे माउंटिंग. वायरिंग उंदरांनी खाल्लेले असते, ते मोजायची गरज नाही. खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. ते पत्र्याला चिकटते, लांबीला चिकटत नाही. दार चकचकीत आणि चुंबक निसटते, म्हणजे आतल्या अपघाताचा इतिहास लांबीने भरून काढला आहे.

टप्पा दुसरा : वजनाचा प्रश्न

गाडी गावात आणताच पहिला माणूस विचारील, "किती किलो भरंल?" इथे कोणी "किती अ‍ॅव्हरेज देते?" असे विचारत नाही. सळईच्या गावात प्रत्येकाच्या डोळ्यांत तराजू असतो. पद्मिनी सुमारे नऊशे किलोंची. हा आकडा तोंडातून गेला की समोरचा त्याला त्या दिवशीच्या भंगारभावाने गुणतो, आलेली रक्कम तुम्ही दिलेल्या रकमेतून वजा करतो आणि बाकीला तुमचे नुकसान म्हणतो. "कामून घेतली वो ही?" हा पुढचा प्रश्न.

यावर वाद घालू नये. अधिकृत उत्तर असे : "लेकराच्या लग्नात लावायची आहे." लग्नासाठी केलेला कोणताही खर्च मराठवाड्यात समर्थनीय मानला जातो. लेकरू दोन वर्षांचे असले तरी चालते.

टप्पा तिसरा : कागदपत्रे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, परतूर तेवढे परभणीत. तेव्हा १९७४ ची पद्मिनी वयाने आपल्या जिल्ह्याहून मोठी. तिच्या नंबरात एमएच-२१ नसते आणि तिचा मूळ कागद ज्या शहरात आहे, त्याचे नावही आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. खिडकीवर हे सगळे क्रमाने आणि न हसता सांगावे.

आरसी बुक बहुधा दिवंगत आजोबांच्या नावावर असते. वारसाने नाव लावण्यासाठी फॉर्म ३१ आहे. इतर वारसांची संमती लागते. ज्या चुलतभावांनी तीस वर्षांत गाडीकडे ढुंकून पाहिले नाही, ते पुण्याहून फोन करून "आमच्या लहानपणाची गाडी" असे म्हणू लागतात. त्यांना पहिल्या फेरीचे आमंत्रण द्यावे. ते येत नाहीत, पण सही पाठवतात.

नोंदणीचे दोन मार्ग आहेत. पहिला नेहमीचा : पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाले. शिवाय २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट आवश्यक आहे.

दुसरा मार्ग मानाचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीत नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, शुल्क वीस हजार आणि मुदत दहा वर्षे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पहिल्या पद्मिनी आत्ताच कुठे या वयाला पोचल्या आहेत. अट अशी की व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाणे नियमात बसत नाही. राजूरच्या वाटेवर पेट्रोल भरायला जाणे बसते. उरलेले ज्याने त्याने ठरवावे.

टप्पा चौथा : मिस्त्री

कॉम्प्युटर लावून दोष शोधणारा मेकॅनिक इथे निरुपयोगी आहे, कारण कॉम्प्युटरची वायर खोचायला पद्मिनीत जागाच नाही. साठीच्या पुढचा, पॉइंटचा गॅप नखाने सांगणारा उस्ताद शोधावा. तो बॉनेट उघडण्याआधी इंजिनचा आवाज ऐकतो आणि म्हणतो, "हो जाता भाई, टेन्शन नक्को." त्याचे वेळापत्रक सर्वधर्मसमभावाचे असते : काम पोळ्यानंतर, मग गणपती झाल्यावर, मग दसऱ्यानंतर, मग ईद झाली की. रोज जाऊन बसावे. चहा आपण सांगावा. ज्या दिवशी जाणार नाही, त्या दिवशी आपल्या गाडीचा जॅक दुसऱ्याच्या गाडीखाली जातो.

सुट्या भागांसाठी मुंबई गाठावी. कुर्ल्याच्या आणि चोरबाजारच्या दुकानांत अजून माल निघतो, पण त्यामागचा मोठा आधार गेला. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर किंग पिन, बुश, व्हील सिलिंडर किराणा मालासारखे मिळत. आता दुकानदार आधी तुमचा चेहरा पाहतो, मग भाव सांगतो. चेहऱ्यावर हौस दिसू देऊ नये.

टप्पा पाचवा : इंजिन

इथे विनोदाला जागा नाही. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला बॅटरी जोडून सेल्फ मारणे हा गुन्हा समजावा. पिस्टन अडकलेले असतात. चारही प्लग काढून भोकांतून थोडे डिझेल किंवा पातळ ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. फिरले तर नशीब. नाही फिरले तर हेड उतरवणे, बोअर करणे, नवे पिस्टन-रिंग आणि क्रँक ग्राइंडिंग, असा लेथवाल्याकडचा सत्संग ठरलेला.

पेट्रोलची टाकी उतरवून धुवावी; आतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. कार्बोरेटर पूर्ण खोलावा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्रॅम व सील नवे आणि इथेनॉलला टिकणारे घालावेत. ब्रेकचे सिलिंडर, किट व ऑइल बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. सुरू होण्याआधी ती थांबते की नाही ते पाहावे. रेडिएटरही उतरवून साफ करून घ्यावा. बेचाळीस अंशांच्या उन्हात १०८९ सीसीचे हे इंजिन मालकाच्या आधी तापते.

टप्पा सहावा : पत्रा आणि रंग

जुना रंग मुळापर्यंत काढावा, कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा, लांबी कमीत कमी लावावी. पेंटर उलट क्रम सुचवतो. त्यानंतर वॉटर पेपरने घासणे येते आणि त्याला, नावाप्रमाणे, पाणी लागते. जालन्यात ही अडचण किरकोळ समजू नये. रंगकामाचा मुहूर्त पंचांगावरून काढू नये, नळाच्या दिवसावरून काढावा. टँकर मागवून गाडी घासणाऱ्याविषयी गल्लीत जे बोलले जाते, ते छापण्याजोगे नसते.

रंग मूळचाच द्यावा. 'शोरूममध्ये होता तसा' असे पेंटरला सांगू नये; त्याच्या मते शोरूममध्ये सगळ्या गाड्या पांढऱ्या असतात.

टप्पा सातवा : सजावट

याच वेळी पुतण्या येतो. त्याच्या मोबाइलमध्ये हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपचे व्हिडिओ असतात. त्याला रुंद टायर, पुढे लोखंडी बंपर, काळ्या काचा, डिकीभर स्पीकर आणि ४१४१ नंबर हवा असतो, कारण तो आकडा वळवून लिहिला की 'दादा' वाचता येतो. त्याला शांतपणे पुढील माहिती द्यावी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लोखंडी बंपरवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, काळ्या फिल्मला न्यायालयाने २०१२ सालीच मनाई केली. नव्या नंबर प्लेटवर आकडे वळवता येत नाहीत, त्यामुळे दादा ४१४१ च राहतो. मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणे आणि स्वयंपाकघरातला तांबडा सिलिंडर डिकीत जोडणे, या आपल्याकडच्या दोन जुन्या परंपराही बेकायदा आहेत. त्यांतली दुसरी जीवघेणी आहे.

परवानगी असलेली सजावट : मागच्या काचेला जाळीचे पडदे, डॅशबोर्डवर मत्स्योदरी देवीचा छोटा फोटो, पुढे लिंबू-मिरची आणि मागे 'आईचा आशीर्वाद'. वडिलांनी पैसे दिले असले तरी मजकूर हाच ठेवावा.

टप्पा आठवा : पहिली फेरी

पहिली फेरी भल्या पहाटे काढावी, कारण त्या वेळी गाडी ढकलावी लागली तर साक्षीदार कमी असतात. सोबत पाण्याची कॅन, फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट आणि दोन सशक्त नातेवाईक असावेत. गिअर स्टिअरिंगजवळ आहेत हे नातेवाइकांना आधी दाखवून ठेवावे, नाहीतर ते अर्धी वाट पायाशी शोधत बसतात.

समृद्धी महामार्गावर जाऊ नये. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि पद्मिनीही कागदावर तेवढी पळते. पण ज्या कागदावर पळते, तो पन्नास वर्षांचा आहे. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर तरणे टायरही फुटतात. अंबड रस्ता पुरे. तिथे वेग रस्ताच ठरवतो.

निर्णय

एवढ्या खर्चात बरी सेकंडहँड गाडी येते, आणि तिला एसी असतो. हे घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे. सरकारनेही याबाबत दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत : जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्या जपण्याचे नियम आले आणि पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्टला, जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण. जालन्यात दुसरे दार मोठे आहे आणि त्याच्याशी रोख पैसे मिळतात. पण भट्टीत गेलेल्या पद्मिनीची सळई बाकीच्या सळईसारखीच असते. कोणाच्या स्लॅबमध्ये गेली, ते कळत नाही.

म्हणून ज्यांच्या वाड्यात अशी गाडी उभी आहे त्यांना विनंती : दुरुस्तीची ऐपत नसेल तर करू नका, अर्धवट तर मुळीच करू नका. चेसिस, बॉडी आणि इंजिनात फेरफार झाला की व्हिंटेजचा मार्ग बंद होतो. फक्त डिकीतला युरिया बाहेर काढा, गाडी विटांवर चढवा, वरून ताडपत्री टाका. आणि आजोबांचे आरसी बुक सापडेपर्यंत भंगारवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नका.