भावोजींच्या शर्टाला कसला वास येतो?

कुणाला सांगणार नसाल तरच पुढं वाचा.

कोल्हापुरात आमच्या पेठेत सध्या काहीतरी शिजतंय. संध्याकाळचे सात वाजले की पतपेढीतले, शाळेतले, दुकानातले चार-पाच लेकुरवाळे पुरुष एकेक करून घरातून नाहीसे होतात. फोन केला तर उचलत नाहीत. नऊला उगवतात, मुकाट्यानं पानावर बसतात आणि भाकरी आमटीत बुडवायची सोडून पाण्यात बुडवतात. मोबाइल कायम पालथा. कुणी जवळ गेलं की स्क्रीन काळी. अशी लक्षणं दिसल्यावर शहाण्या बाईनं काय समजावं? शेवटी आमच्या धाकट्या जाऊबाईंनी धीर केला आणि भावोजींचा शर्ट धुवायला टाकताना हुंगून बघितला. ना अत्तर, ना गजरा. टू-टी ऑइल!

जाऊबाई मटकन खाली बसल्या. दुसरी बाई असती तर निदान तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता आले असते. इंजिनाला काय सुनावणार?

हो, इंजिन. मांडीवर घेऊन बसता येईल एवढं दोन ठोक्यांचं इंजिन साध्या सायकलच्या नळ्यांमधल्या मोकळ्या जागेत बसवायचं, मागच्या चाकाला जास्तीची चेन जोडायची आणि चांगल्या चालत्या सायकलची फटफटी करून ठेवायची, असा हा नाद. मोबाइलमधले फोटोही तिचेच. समोरून, बाजूनं, हेड उघडून. अमेरिकेतले हौशी लोक चीनहून येणाऱ्या या इंजिनाला 'चायना गर्ल' म्हणतात, हे कळल्यापासून तर जाऊबाईंनी बोलणंच टाकलंय.

बरं, ती तरी सरळ आहे का? खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं 80 सीसी. आत पिस्टनचा व्यास 47 मिलिमीटर आणि चाल 38 मिलिमीटर. दहावी पास झालेल्या कुणीही हिशेब करावा, जेमतेम 66 सीसी भरतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! भावोजी पतपेढीत व्याजाचा पैसा न् पैसा मोजून घेतात आणि इथं 14 सीसीची तूट मुकाट्यानं पोटात घातली. वर आम्हालाच सांगतात, "वहिनी, सीसीवर जाऊ नका."

हे सगळं चालतं तालमीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी गेले होते. म्हणजे डबा द्यायला म्हणून गेले होते, नाहीतर मला काय करायचंय? बघते तर चार गृहस्थ एका चाकाभोवती मांडी घालून बसलेले, आणि त्यांतले एक आमचेच हे! मला बघून मान खाली. इंजिनाबरोबर 44 दातांचं चक्कर येतं. ते मागच्या चाकाच्या तारांवर, दोन्ही बाजूंनी रबर घालून, नऊ बोल्टांनी आवळतात. जरा लंगडं बसलं तरी चेन उतरते, तारांत गुंतते आणि चाक जागच्या जागी जाम. म्हणून एकजण चाक फिरवत होता आणि आमच्या ह्यांनी चकराच्या कडेला खडू टेकवून धरला होता. चक्कर जिथं बाहेर येतं तिथं खडूची रेघ उमटते. तिथला बोल्ट किंचित आवळायचा, समोरचा किंचित सैल करायचा, रेघ पुसायची, पुन्हा फिरवायचं. तासभर! कुणी बोलेना, कुणी चहाही मागेना. घरात दिवाळीपासून पंखा डगडगतोय, त्याकडं मान वर करून बघितलेलं नाही या माणसानं. एवढं करूनही समाधान झालं नाही तेव्हा हबचं माप घेऊन सगळे उद्यमनगरात लेथवाल्याकडं गेले आणि अॅल्युमिनियमचा अडॅप्टर कातून आणला. जाऊबाईंचं मंगळसूत्र सोनाराकडं गाठवायला पडलंय ते पडलंयच.

मग तेल. या इंजिनाला तेलाची वेगळी सोय नाही, ते पेट्रोलातच कालवायचं. किती कालवायचं, यावरून पेठेत उभी फूट पडलीय. एक गट लिटरला 50 मिलीवाला, दुसरा 30 मिलीवाला. पन्नासवाले म्हणतात, तेल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरेल. तीसवाले म्हणतात, जास्त झालं तर प्लग काळा पडेल आणि सायलेन्सरमधून काळं पाणी गळेल. परवा सत्यनारायणाला दोन्ही गट एका पंगतीत आले, तर भटजींच्या देखत हेच! आणि एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नव्हती. जेटच्या भोकातून जातं तेवढंच जातं. त्यात तेल वाढवलं म्हणजे पेट्रोल घटलं. तेव्हा तेल वाढवाल तर जेटही थोरला हवा. त्यात हल्ली पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल आपला ऑक्सिजन बरोबर घेऊनच येतं, त्यामुळं जुन्या जेटवर इंजिन उपाशी चालतं आणि तापतं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच भावोजींच्या पिस्टनच्या मुळावर उठलाय! असं आपलं कानावर आलं, मला त्यातलं काय कळतंय.

जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, मधे जेमतेम पाऊण मिलिमीटरचं भोक. भोक मोठं वाटलं की डाख देऊन बुजवायचं आणि बारीक ड्रिलनं पुन्हा पाडायचं. त्यासाठी भिंग आणलंय. लग्नाच्या वेळी जाऊबाईंचा फोटो सुद्धा भिंगातून बघितला नव्हता. नवा जेट बसला की पहाटे गाडी घेऊन एका मित्राच्या मळ्यात जायचं. मळ्यातल्या रस्त्यावर पूर्ण रेस द्यायची, त्याच रेसमध्ये बटण दाबून इंजिन बंद करायचं, क्लच ओढून थांबायचं आणि तापलेला प्लग फडक्यात धरून बाहेर काढायचा. मग चौघं डोकी जोडून, पत्रिका बघावी तसा प्लग बघतात. चॉकलेटी रंग आला तर उत्तम. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी, पिस्टन भाजायची वेळ आली. ऊसतोडीला आलेल्या बाया कोयते थांबवून बघत राहतात. पेठेची अब्रू ती काय राहिली? पेट्रोल जास्त झालेलं तर प्लग न काढताही कळतं. एक फेरी सोडून एका फेरीला पेटतं आणि इंजिन भकभकतं. शेडमधला तो आवाज मला हल्ली स्वयंपाकघरातून ओळखू येतो. नको म्हटलं तरी येतो.

सायलेन्सरचं प्रकरण तर थेट आंतरराष्ट्रीय आहे. मधे पोट फुगलेली आणि पुढं निमुळती होत गेलेली ती नळी तुम्ही बघितली असेल. धुराबरोबर ताजं पेट्रोल आणि हवाही सिलिंडरमधून निसटू बघते. नळीच्या निमुळत्या भागावरून दाबाची लाट परत फिरते आणि तिला पुन्हा आत लोटते. या लाटेला नीट वळण लावलं पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन यांनी. 1961 साली त्यांच्या 125 सीसीच्या इंजिनातून सुमारे 25 अश्वशक्ती निघत होती. त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर. त्याच वर्षी ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरात हा गडी स्वीडनच्या शर्यतीला गेला तो परतलाच नाही. बायकोमुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेला काढलं आणि हा सगळी विद्या घेऊन जपानला, सुझुकीकडं! पुढच्याच वर्षी, 1962 ला, 50 सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीवर बसून यानंच पटकावलं. नळीतल्या लाटेपायी माणसानं देश सोडला. भावोजी अजून फक्त संध्याकाळचं घर सोडतात, पण सुरुवात अशीच होत असते.

यावर भावोजींचं उत्तर तयार असतं. "होंडांनी काय केलं होतं, वहिनी?" सोइचिरो होंडा यांनी 1946 साली लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनलेली आणि पडून राहिलेली छोटी इंजिनं उचलली आणि सायकलींना लावली. पेट्रोलच्या टाकीला शेकायची गरम पाण्याची बाटली! आणि चालवून बघायला पाठवलं कुणाला, तर बायकोला. साचीबाई भर गर्दीच्या रस्त्यानं ती हाकत गेल्या आणि कार्बोरेटरमधून उडालेल्या तेलानं कपडे माखून घरी आल्या. त्या नादाचं पुढं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या दारात स्टँडवर उभं आहे, त्यामुळं तिथं बोलता येत नाही. एवढंच सांगितलं की जाऊबाईंच्या पैठणीवर एक थेंब उडाला तर गाठ माझ्याशी आहे.

कायदा तरी यांना अडवेल म्हणून चौकशी केली. तर मोटार वाहन कायदा 1988 असा, की चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते 'मोटार वाहन' या व्याख्येतच बसत नाही. हे कळल्यावर पेठेतल्या एका शेतकरी काकांनी फवारणी पंपाचं इंजिन सायकलला चढवलं आणि रुबाबात फिरायला लागले. काकू म्हणतात, मिरचीवर फवारायचं राहिलं आणि धूर आमच्यावर फवारतात. भावोजींच्या 66 सीसीला मात्र नंबर, लायसन, विमा सगळं लागू. म्हणूनच ही पहाटेची मळ्यातली भेटगाठ, दुसरं काय!

आणि एवढं करून पळते किती? मागच्या चाकाची एक फेरी व्हायला इंजिनाला 18 फेऱ्या माराव्या लागतात. मिनिटाला 5000 फेऱ्या झाल्या तर ताशी 35 किलोमीटरच्या आसपास. चक्कर 36 दातांचं लावलं तर तेवढ्याच फेऱ्यांत 42, पण मग चढाला धाप लागते, पन्हाळ्याच्या घाटाचं नाव काढायला नको. थांबायला मात्र सायकलचेच ब्रेक, रबराच्या गुटक्यांचे. इंजिनाला भिंग लावून बघणारी माणसं गुटके घासून लोखंड लागेपर्यंत बघत नाहीत, यावर मी सगळ्यांच्या देखत बोलले. दुसऱ्या दिवशी चौघांचे गुटके नवे. तेवढी चाड आहे अजून.

पण खरी लाजेची गोष्ट पुढंच आहे. पायडल आणि 50 सीसीचं इंजिन, दोन्ही असलेली तयार गाडी आपल्याच फिरोदियांच्या कायनेटिकनं 1972 साली काढली होती. लूना. आमच्या सासूबाईंनी तिच्यावर दळण आणलं, भाजी आणली, याच भावोजींना शाळेत सोडलं. गुपचूप चालायची, गुपचूप उभी राहायची. पुढं एके दिवशी भावोजींनीच ती किलोवर भंगारात घातली. परवा मी विचारलं, "तेव्हा का हो घातलीत?" खाली बघून म्हणाले, "तिला काही कामच निघत नव्हतं, वहिनी."

आता कळलं? यांना गाडी नकोच आहे. यांना गाडीचं दुखणं हवंय. चालती गाडी दारात उभी राहते, बिघडलेली गाडी मात्र चार माणसं गोळा करते.

आणि झालंही तसंच. मध्यंतरी एका सकाळी ती गाडी खरोखर सुधारली. पहिल्या पायडलला पेटली, प्लग चॉकलेटी, आवाज एकसूर. चौघांनी एकेक चक्कर मारली, पेढे वाटले, आणि शेडला कुलूप लागलं. त्या दिवसापासून पुरुष सातच्या ठोक्याला घरात! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. भावोजींनी जाऊबाईंच्या फडताळातले डबे उतरवून आकारानुसार लावले, त्यात हळद कुठं गेली ती अजून सापडली नाही. आमच्या ह्यांनी गॅसची शेगडी सुटी केली, म्हणे ज्योत पिवळी मारतेय. दोघांनी मिळून माझ्या फोडणीत हवा जास्त होते असा निष्कर्ष काढला. जाऊबाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "ताई, ती सवत परवडली."

आठवडा भरायच्या आत गाडी पुन्हा भकभकायला लागली. शेड उघडलं, चौघं मांडी घालून बसले, फोन लागेनासे झाले आणि पेठेतल्या बायकांनी निवांत चहा टाकला. कार्बोरेटरमधल्या निडलची क्लिप कुणीतरी दुसऱ्या खाचेतून काढून तळाच्या चौथ्या खाचेत बसवली होती म्हणे. त्यानं निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. कुणी केलं, याचा तपास चालू आहे. तालमीतली पोरं म्हणतात, बाहेरचा कुणीतरी. भावोजी म्हणतात, कुणी का असेना, माणूस जाणकार आहे, कारण क्लिप वरच्या खाचेत सरकवली असती तर पेट्रोल कमी पडून पिस्टनच भाजला असता.

भाजला असता ना. मग नवा पिस्टन, नव्या रिंगा, वर बोअरचं काम. एवढा खर्च आम्ही कशाला वाढवून ठेवू?