क्लचशास्त्री

‘काका, माझ्या गाडीला कुठला क्लच घेऊ?’

नवख्या पोरानं हा प्रश्न विचारला, की मैदानावरचे जाणते लोक आपापल्या गाड्या आणि इंधनाच्या बाटल्या उचलून लगबगीनं दुसऱ्या टोकाला जातात. पोरगं मात्र उभंच राहतं. त्याला वाटतं, एका वाक्यात उत्तर मिळेल आणि संध्याकाळी ऑर्डर टाकून मोकळं होता येईल. समोर क्लचशास्त्री असतात. ते शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि विचारतात, ‘फ्लायव्हील किती मिलिमीटरचं आहे?’

‘माहीत नाही, काका.’

‘माहीत नाही.’ हे दोन शब्द शास्त्रीबुवा अशा सुरात परत म्हणतात, की पोराला आपण साक्षात वडिलांचं नाव विसरलो की काय असं वाटावं.

शास्त्रीबुवा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. नायट्रोवर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्या जिथे जिथे पळतात, तिथे तिथे एक शास्त्रीबुवा असतोच. ओसाकात असेल, टेक्सासमध्येही असेल. मी पाहिलेले आहेत ते आपल्या भोसरी-चिंचवडकडचे. नोकरी बहुधा टूलरूममध्ये, नाहीतर क्वालिटीत. आठवडाभर मोठ्या गाड्यांच्या भागांचे मायक्रॉन मोजायचे आणि रविवारी विश्रांती म्हणून छोट्या गाडीच्या भागांचे मोजायचे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बोटांना एरंडेलाचा कायमचा वास, आणि कुठलीही गोल वस्तू हातात आली की तिचा बाहेरचा व्यास काढायची सवय. लग्नाच्या पंगतीत यांनी जिलबी मोजलेली मी पाहिली आहे. जिलबी गोल नव्हती, म्हणून त्यांनी ती खाल्ली नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (शास्त्रीबुवांनी थोडक्यात सांगितलं असतं तर दुपारचे दोन वाजले असते.) ही सेलवर चालणारी खेळण्यातली गाडी नव्हे. हिच्यात खरंखुरं इंजिन असतं. एक-अष्टमांश मापाच्या बग्गीत साडेतीन सीसीचं. मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण पिऊन ते मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे घेतं. त्याचा आवाज असा, की शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीत येतात. त्याला ठिणगीचा प्लग नसतो. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मेथेनॉलच्या संगतीनं तापलेलीच राहते आणि काम भागतं. हे इंजिन सरळ चाकांना जोडलं तर गाडी थांबताक्षणी तेही बंद पडेल. म्हणून मध्ये क्लच. तो दाबायला पायडल नाही, आणि पायडल असतं तरी दाबायला आत कुणी बसलेलं नाही. तेव्हा त्यानं आपल्या आपण जुळावं आणि आपल्या आपण सुटावं, अशी सोय करावी लागते.

‘लुना पाहिली आहेस का?’ इथे शास्त्रीबुवा पोराला विचारतात. पोरगं २००८ सालचं. ‘१९७२ साली फिरोदियांनी लुना आणली. तिला क्लचची दांडी होती? नव्हती! बरं, लुना सोड. तुझ्या आईची ॲक्टिव्हा आहे ना? तिच्या मागच्या चाकाशी काय आहे?’

‘मडगार्ड?’

‘शू!’

पोरगं गप्प होतं. त्याला वाटतं, आपल्याला गप्प बसायला सांगितलं.

शास्त्रीबुवांना म्हणायचं असतं, की फ्लायव्हीलवरच्या खुंट्यांना तीन किंवा चार शू अडकवलेले असतात आणि स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. इंजिन संथ असलं की शू आत बसून राहतात. फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात, भोवतालच्या क्लच बेलला आतून घासतात, बेल फिरते, बेलचे दाते गिअर फिरवतात आणि गाडी सुटते. ॲक्टिव्हात हेच, लुनातही हेच. तत्त्व इतकं साधं, की त्यावर कुणी आयुष्य घालवेल असं वाटत नाही. पण मग निवड सुरू होते.

स्प्रिंग ०.९ मिलिमीटर तारेची, १.० ची की १.१ ची? नऊची घेतली तर शू लवकर सुटतात. गाडी मऊ निघते, पण इंजिनाला दम धरायच्या आत ओझं पडतं. अकराची घेतली तर इंजिन आधी भरपूर किंचाळतं आणि मग गाडी एकदम उडी मारते. मातीवर उडी मारून काय करणार, चाकं जागच्या जागी फिरणार. शू ॲल्युमिनियमचे घेतले तर पकड जबरदस्त, पण ते बेल खातात. कार्बनमिश्रित घेतले तर स्वभावानं सौम्य, पण स्वतःच झिजतात. यावर चार शूवाल्यांनी तोड काढली आहे, दोन असे आणि दोन तसे. शिवाय तोच शू सुलटा बसवला तर दातओठ खाऊन धरतो आणि उलटा बसवला तर बेतानं. मग फ्लायव्हील. जड असलं तर इंजिन संथ चालताना डगमगत नाही, वळणावर विझत नाही. हलकं असलं तर बोट हलताच फेरे चढतात. मग बेलचे दाते, तेरा की चौदा. एक दात कमी केला तर सुरुवात जोरदार, एक वाढवला तर सरळ रस्त्यावर वेग. एका दातावरून बोलणं थांबलेले दोन मित्र मला ठाऊक आहेत.

हे सगळं शास्त्रीबुवा सांगतात आणि त्यातलं अक्षरही चूक नसतं. खरा त्रास तोच आहे. चुकीचा सल्ला देणाऱ्या माणसाला टाळता येतं, त्याची टिंगल करता येते. यांचं सगळं बरोबर असतं, आणि ते ऐकून झाल्यावर माणसाला फक्त एवढंच कळतं, की काहीही विकत घेणं धोक्याचं आहे.

पोरगं तरी चिवटपणे विचारतं, ‘काका, ते जांभळं फ्लायव्हील कसं आहे? फोटोत भारी दिसतं.’

‘रंगानं फेरे वाढत नाहीत,’ शास्त्रीबुवा म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या गाडीतलं फ्लायव्हील निळंशार आहे. कुणी तिकडे बोट दाखवलं तर, ‘ते तसंच आलं.’

ती गाडी जपानी, इंजिनही जपानी. ओसाकाच्या शिगेओ ओगावांनी १९३६ साली कारखाना काढला आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरं आजही इंजिनावर असतात, हे शास्त्रीबुवा ज्या अभिमानानं सांगतात त्यावरून ओगावांचं मूळ घर चाकणला असावं असा समज होतो. जपानहून, अमेरिकेहून नाहीतर युरोपातून पुडकी येतात. शिमचं पाकीट हा त्यांचा खास जिव्हाळ्याचा विषय. शिम म्हणजे पातळ चकती, ०.१ मिलिमीटरची, ०.२ ची, ०.३ ची. बेल आणि शू नको तिथे घासू नयेत, पण बेलला आडवी हालचाल मात्र अगदी नावापुरती असावी, यासाठी त्या घालायच्या. पाकिटाची किंमत फुटकळ. टपालखर्च आणि कस्टमची ड्यूटी धरली तर तेवढ्यात सहकुटुंब डोसा खाता येतो, आणि हा हिशेब काकूंनी एकदा पाकिटावरच पेनानं लिहून ठेवला होता.

काकूंबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्यांच्या शिवणाच्या डब्यात बटणांच्या कप्प्यात पाच बाय दहा बाय चारची बेअरिंगं आहेत. क्लच बेलमध्ये अशी दोन लागतात. ती तापतात, आतलं ग्रीस उडतं, आणि शास्त्रीबुवा ती डझनानं मागवतात. काकू त्यांना ‘तुझ्या बांगड्या’ म्हणतात. एकदा शास्त्रीबुवांनी कोपऱ्यावरून हाक मारून विचारलं, ‘अगं, माझी जाड स्प्रिंग पाहिलीस का?’ काकू आतूनच म्हणाल्या, ‘अकराची उजवीकडे आहे. दहाची तू गेल्या आठवड्यात तोडलीस.’ शास्त्रीबुवांच्या संसारातला हा मला दिसलेला सर्वांत गोड संवाद. त्या कधी मैदानावर आल्या नाहीत, पण उद्या आल्या तर पोरांना दोन वाक्यांत क्लच निवडून देतील. म्हणूनच बहुधा त्यांना कुणी आणत नाही.

बाहेरून मागवणं महाग पडतं म्हणून मध्ये एकदा शास्त्रीबुवांनी फ्लायव्हील भोसरीतच लेथवर बनवून घ्यायचं ठरवलं. लेथवाला ट्रॅक्टरचे शाफ्ट करणारा. त्यानं आयुष्यात इतकी छोटी वस्तू चहाच्या सुट्टीतसुद्धा हातात घेतली नव्हती. ‘आटे कुठले?’ त्यानं विचारलं, आणि शास्त्रीबुवांचे डोळे चमकले. एखाद्या इंजिनाच्या शाफ्टचे आटे इंची असतात, एखाद्याचे मिलिमीटरचे. फ्लायव्हील शाफ्टवर थेट बसत नाही, मध्ये चिरलेला कोन असतो, नट आवळला की तो कोन शाफ्टला चिमटीत धरतो. हे सगळं तासभर चाललं. लेथवाल्यानं शेवटी फ्लायव्हील फार सुंदर करून दिलं. दिसायला आरशासारखं. फक्त तोल जरासा सरकला होता. ट्रॅक्टरच्या वेगाला तो कुणाला कळला नसता. तीस हजार फेऱ्यांना कळला. गाडी उभ्या जागी थरथरू लागली, टाकीतल्या इंधनाला फेस आला आणि एक एक स्क्रू स्वखुशीनं बाहेर पडू लागला. ते फ्लायव्हील आता दिवाणखान्यात पेपरवेट आहे. पाहुण्यांना ते अभिमानानं दाखवलं जातं, व्यासासकट.

अलीकडे मैदानावर बॅटरीवाली पोरं वाढली आहेत. ती येतात, बॅटरी खोचतात, बोट दाबतात आणि गाडी सुसाट जाते. ना प्लग तापवणं, ना स्टार्टर बॉक्सच्या रबरी चाकावर फ्लायव्हील टेकवणं, ना धूर. वेगातही त्या कमी नाहीत. शास्त्रीबुवा त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. फारच आग्रह झाला तर म्हणतात, ‘चांगला आहे मिक्सर.’ त्यांच्या दृष्टीनं त्या गाडीचा दोष एकच, पण तो अक्षम्य: तिला क्लच नाही.

पण एक सांगतो. मघाशी प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरानं शेवटी कंटाळून स्वस्तातला मिळेल तो संच मागवला. दोन रविवार गाडी झकास पळाली. तिसऱ्या रविवारी स्टार्टर बॉक्सवरून उचलून खाली ठेवली, तर रिमोटला हात लावायच्या आधीच निघाली. ब्रेक दाबून धरला तर थांबे, सोडला की पुन्हा रांगायला लागे. पोरगं घाबरलं. कुणी म्हणालं सर्व्हो गेला, कुणी म्हणालं कार्ब्युरेटर उघडा राहिला, कुणी रिमोटचे सेल बदलायला सांगितले. शास्त्रीबुवा वीस पावलांवर पाठमोरे उभे होते. तिथूनच म्हणाले, ‘एक स्प्रिंग तुटली. शू बेलला चिकटून बसलाय. आधी बंद कर, बेल तापेल.’ एक्झॉस्टवर चिंधी दाबून इंजिन बंद केलं, बेल काढली. तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा आत होता. मैदानावर क्षणभर आदराची शांतता पसरली, आणि शास्त्रीबुवांनी ती लगेच स्प्रिंगच्या पोलादाचा इतिहास सांगून घालवली.

त्यांची स्वतःची गाडी मी क्वचितच पळताना पाहिली आहे. ती बहुतेक वेळा टॉवेलवर उताणी असते. पावसाळा संपल्यावरच्या एका सकाळी मात्र ती निघाली. पहिल्या झटक्यात सुरू झाली, मऊ सुटली, वळणावर विझली नाही, सरळ रस्त्यावर अशी ताणली की बॅटरीवाल्या पोरांनीही माना वळवल्या. सहा-सात फेऱ्या झाल्या असतील. सगळे खूश. शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी चढत गेली. त्यांनी गाडी जवळ आणली, बंद केली, उलटी केली आणि अलन की घेऊन क्लच उघडायला बसले.

‘काका, एवढी मस्त चालत होती की!’

‘चालत होती म्हणूनच उघडली,’ ते म्हणाले. ‘बंद पडल्यावर कुणीही उघडतं.’

आणि एका बेअरिंगमध्ये खरोखरच बारीकशी खरखर निघाली. मग काय विचारता! तो महिना असा आनंदात गेला, की त्यांनी गाडी पुन्हा जोडलीच नाही.